ताजमधील संध्याकाळ आणि शासनाची दोन मापे

मोठ्या हॉटेलातील संध्याकाळ ही निव्वळ खासगी बाब आहे, असा सर्वसाधारण समज असतो. पाहुणे स्वखर्चाने येतात, हॉटेलमालक स्वतःच्या भांडवलावर दिवाणखाना सजवतो, वादक आपले कसब विकतात. शासनाचा यात संबंध कोठे येतो? वस्तुस्थिती अशी, की अशा मैफलीची बहुतेक प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या सरकारी फाइलीतून गेलेली असते. मद्य द्यायचे तर उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, नृत्य वा गायन ठेवायचे तर पोलिसांची अनुज्ञप्ती लागते, तिकीट लावले की पूर्वी करमणूक शुल्काचा प्रश्न येत असे, आणि शेवटच्या बिलावर कर असतोच. प्रशासनाचे इतिहास महसूल, पाटबंधारे आणि दुष्काळ यांच्याभोवती फिरतात. संध्याकाळ त्यात सापडत नाही. तरीही शासनाचा समाजाकडे पाहण्याचा दृष्टिकोन जितका या परवान्यांच्या कागदांत उघड होतो, तितका तो धोरणविषयक भाषणांत क्वचितच होतो.

हे मी रायपूरहून लिहीत आहे, आणि रायपूरला असे भव्य हॉटेल कधी नव्हते. भोसल्यांच्या अमलाखालील हा मुलूख १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांकडे गेला आणि पुढे मध्य प्रांतात सामील झाला. मध्य प्रांतातील जिल्ह्याच्या गावी साहेबाची संध्याकाळ क्लबात जात असे. सिव्हिल लाइन्समधील छत्तीसगड क्लब ही त्या काळाची खूण. येथील मराठी माणसांची संध्याकाळ गणेशोत्सवात, नाटकाच्या तालमीत आणि भजनात जाई. चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळ १९३५ सालचे आहे. क्लब आणि मंडळ या दोन्हींत प्रवेश ओळखीने मिळतो, सभासदत्वाने मिळतो. हॉटेलाचे तसे नसते. तेथे तत्त्वतः ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याला दार उघडे असते. हा 'तत्त्वतः' शब्द किती लवचिक आहे ते पाहायचे तर याच लोहमार्गाने पश्चिमेला, मुंबईला जावे लागते.

मुंबईतील हॉटेली संध्याकाळीचा विचार सहसा ताजपासून सुरू होतो. मला तो वॉटसनच्या हॉटेलपासून सुरू करणे अधिक योग्य वाटते. जॉन वॉटसन हा कापडाचा व्यापारी. १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने इंग्लंडात ओतलेल्या लोखंडाचे सुटे भाग जहाजाने आणवून काळा घोडा भागात ही इमारत उभी केली. आज ती एस्प्लनेड मॅन्शन या नावाने आणि पडझडीच्या बातम्यांमुळे ओळखली जाते. हॉटेल युरोपियनांसाठी होते. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंचा प्रतिनिधी मारियस सेस्तिए याने येथे चलच्चित्रांचे खेळ केले. ते हिंदुस्थानातील पहिले चित्रपट-प्रदर्शन. सायंकाळी ६, ७, ९ आणि १० वाजता असे चार खेळ, आणि तिकीट सरसकट एक रुपया.

त्या काळी एक रुपया ही मजुराच्या दृष्टीने कित्येक दिवसांच्या कमाईची रक्कम होती. पुढच्या एका आठवड्यात हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले, आणि महिनाअखेरीस दर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत विभागले गेले. पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळे बॉक्स ठेवण्यात आले. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ज्याला मूल्यविभेद म्हणतात, त्याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळाच. एकच वस्तू, वेगवेगळ्या ऐपतीच्या गिऱ्हाइकांना वेगवेगळ्या दराने विकली की विक्रेत्याचे उत्पन्न वाढते आणि पूर्वी बाहेर राहिलेला माणूस आत येतो. या खेळांच्या प्रेक्षकांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर उर्फ सावेदादा हे मराठी छायाचित्रकार होते. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधील कुस्तीचे चित्रण केले. रुपयाच्या तिकिटावरच हा खेळ थांबला असता तर हिंदी चित्रपटाचा इतिहास किती वर्षे लांबला असता, हा प्रश्न मला नेहमी रंजक वाटतो.

ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडले. समोरचे गेटवे ऑफ इंडिया तेव्हा नव्हते. त्याची कोनशिला १९१३ ची आणि उद्घाटन १९२४ चे. जमशेटजी टाटांना वॉटसनच्या हॉटेलात प्रवेश नाकारला गेला आणि त्या अपमानातून ताज उभे राहिले, ही कथा सर्वश्रुत आहे. तिला समकालीन आधार मिळत नाही, आणि तिची आवश्यकताही नाही. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला. श्रीमंत माणसे शहर सोडून जाऊ लागली, परदेशी प्रवासी बिचकू लागले. अशा वेळी बंदराच्या तोंडावर जगातील उत्तम हॉटेलांच्या तोडीचे हॉटेल बांधणे म्हणजे या शहराला भवितव्य आहे असे पैशाच्या भाषेत सांगणे होते. गुंतवणूक करणाऱ्या माणसाला रागापेक्षा हे कारण अधिक शोभते. असो.

इमारतीचा आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य काम पुरे होण्याआधीच वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुविशारदाने ते पूर्ण केले. बांधकामाचे कंत्राट खानसाहेब सोराबजी रतनजी यांच्याकडे होते. मधल्या आधाराशिवाय तरंगल्यासारखा दिसणारा तेथील जिना त्यांच्या नावाने ओळखला जातो. एतद्देशीय अभियंत्यांच्या या कर्तृत्वाचा उल्लेख मराठी लेखनात अपवादानेच आढळतो, म्हणून येथे मुद्दाम केला.

भव्य हॉटेलाचा जमाखर्च मात्र कठीण असतो. खोल्या, जिने, विजेची यंत्रे, नोकरवर्ग यांवरचा खर्च पाहुणे असोत वा नसोत चालूच राहतो. मुंबईला बोटीने येणारा प्रवासी हिवाळ्यात येई, आणि पावसाळ्यात खोल्या ओस पडत. तेव्हा रात्री मुक्काम न करणाऱ्या स्थानिक गिऱ्हाइकाला काही तरी विकणे भाग होते. जेवण, चहा, मद्य, नृत्याचा दिवाणखाना, नाताळ आणि नववर्षाचे समारंभ ही ती विक्रीयोग्य वस्तू. समाजशास्त्रज्ञ ज्याला 'उच्चभ्रूंचे सार्वजनिक जीवन' म्हणतात, त्याचा उगम हिशेबाच्या वहीत रिकाम्या दिसणाऱ्या खोल्यांत आहे, हे त्यातील काव्य कमी करणारे असले तरी खरे आहे.

या व्यवहाराचा एक परिणाम असा, की वर्णभेदाची भिंत येथे सैल झाली. ताजचे दार हिंदी माणसाला उघडे होते. संस्थानिक येत, पारशी गिरणीमालक येत, बॅरिस्टर येत, इंग्रज अधिकारी येत. सरोजिनी नायडूंचा मुंबईतील मुक्काम ताजमध्ये असे आणि त्यांच्या दालनात राजकीय कार्यकर्त्यांचा राबता असे. खादीधारी सत्याग्रही ताजच्या जिन्यावरून वर जात आहेत आणि खालच्या दिवाणखान्यात वाद्यवृंद वाजत आहे, असे दृश्य त्या काळी अशक्य नव्हते. पण भिंत गेली म्हणजे उंबरठा गेला असे नव्हे. वर्णाच्या जागी पोशाख, भाषा, काटा-चमचा आणि बिलाची रक्कम आली. ज्या गिरणगावाच्या श्रमावर हे शहर चालत होते, त्याच्यासाठी ताज ही बाहेरून पाहण्याची इमारत राहिली.

१९३५ च्या हिवाळ्यात, म्हणजे रायपुरात महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले त्याच वर्षी, लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला जाझ वाद्यवृंद घेऊन ताजमध्ये आला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ हा ट्रम्पेटवादक आणि टेडी वेदरफोर्ड हा पियानोवादक आला. वेदरफोर्ड पुढे कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात वाजवत असे आणि १९४५ साली त्याच शहरात पटकीने वारला. ज्यांना स्वदेशात अनेक हॉटेलांत गिऱ्हाईक म्हणून पाऊल टाकता येत नव्हते, ते कलावंत वसाहतीतील हॉटेलात सन्मानाने राहत होते. नरेश फर्नांडिस यांनी 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' या पुस्तकात हा सारा इतिहास परिश्रमपूर्वक मांडला आहे. जिज्ञासूंनी तो मुळातून पाहावा.

मराठी वाचकाला अधिक जवळचा भाग गोमंतकीय वादकांचा आहे. पोर्तुगीज अमलात गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवीत. हेतू प्रार्थनासंगीताचा होता. परंतु गोव्यात रोजगार नव्हता, आणि स्वरलिपी वाचता येणारा वादक हा ब्रिटिश हिंदुस्थानात दुर्मीळ कारागीर होता. लष्करी बँड, मूकपटांची थिएटरे, बोटी, संस्थानिकांचे दरबार आणि हॉटेले यांनी ही माणसे उचलली. मिकी कोरिया यांचा वाद्यवृंद १९३९ पासून सुमारे दोन दशके ताजमध्ये वाजत होता. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने ट्रम्पेटवर प्रसिद्धीस आले. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड वेदरफोर्डच्या हाताखाली तयार झाले आणि पुढे 'आमचें नशीब' (१९६३) व 'निर्मोण' (१९६६) हे कोंकणी चित्रपट काढण्यापर्यंत त्यांची मजल गेली. धोबी तलावच्या गावकऱ्यांच्या 'कुडां'त खाट भाड्याने घेऊन राहणारा माणूस रात्री काळा कोट आणि बो बांधून महाराजांना नाचवीत असे. संध्याकाळ विकत घेणारा आणि संध्याकाळ तयार करणारा यांच्यातील हे अंतर पुढील विवेचनात लक्षात ठेवावे लागेल.

आता मूळ विषयाकडे, म्हणजे शासनाकडे, येतो. १९३७ साली प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली. मध्य प्रांतातही १९३८ साली दारूबंदीचा कायदा झाला आणि काही भागांत लागू झाला. त्या सरकारचे पुढारीपण त्याच वर्षी डॉ. ना. भा. खरे यांच्याकडून रायपूरच्या पं. रविशंकर शुक्ल यांच्याकडे आले होते. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ होते आणि अबकारी खाते डॉ. गिल्डर या पारशी मंत्र्यांकडे होते. १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी जाहीर झाली.

नैतिक बाजूची चर्चा पुष्कळ झाली आहे. मला येथे अंदाजपत्रकाची बाजू पाहायची आहे. त्या काळी प्रांतिक सरकारच्या उत्पन्नात जमीनमहसुलाच्या खालोखाल अबकारीचा क्रमांक लागे. हे उत्पन्न सोडायचे तर तूट भरून काढणे आले. खेर मंत्रिमंडळाने मुंबई आणि अहमदाबादसारख्या शहरांतील स्थावर मालमत्तेवर वार्षिक भाडेमूल्याच्या दहा टक्के कर बसवला. घरमालकांत मोठी खळबळ उडाली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. मद्यविक्री व ताडीच्या धंद्यात पिढ्यान् पिढ्या असलेले पारशी अस्वस्थ झाले. बहुतांश मुसलमानांना दारू निषिद्ध, तरीही मालमत्ता-कराचा बोजा त्यांच्यावर पडणार, म्हणून त्यांचाही निषेध. म्हणजे दारू पिणारा सुटला आणि न पिणाऱ्या घरमालकाने ती तूट भरली, अशी कराची उलटी वाटणी झाली. तीन महिन्यांत युद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि युद्धकाळात बंदी ढिली पडली. मुंबई बंदरात सैनिकांची रीघ लागली आणि हॉटेलांचे नृत्यदालन पुन्हा भरले.

स्वातंत्र्यानंतर आलेला मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ हा अधिक काळजीपूर्वक लिहिलेला कायदा होता. १९५० च्या एप्रिलपासून राज्यात संपूर्ण बंदी आली. पण संपूर्ण म्हणजे अगदी संपूर्ण नव्हे. परदेशी नागरिक, परदेशी पाहुणे, राजदूतावासातील मंडळी, प्रकृतीच्या कारणास्तव मद्याची गरज असलेले रुग्ण यांना परवाने मिळू शकत, आणि सैन्यदलांच्या मेसना सूट होती. फ. न. बलसारा या मुंबईकराने हा कायदा आव्हानित केला. व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर यांच्याबरोबरच औषधी वाइन आणि ओ-द-कोलोन बाळगण्याचा हक्कही त्यांनी मागितला होता. मे १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांच्यापुरत्या तरतुदी रद्द केल्या, पण कायद्याचा गाभा कायम ठेवला. सैन्याच्या मेसना आणि परकीयांना दिलेल्या सवलती हे वाजवी वर्गीकरण ठरले.

या निकालाचा सामाजिक अर्थ असा, की मोठ्या हॉटेलाच्या एका कोपऱ्यात परवानाधारकांसाठी खोली उघडी राहिली. 'परमिट रूम' हा शब्द मराठीत येथून आला. आज गावोगावच्या पाट्यांवर तो इतक्या सहजतेने वावरतो, की त्यातील 'परमिट' कोणाचे, असे कोणी विचारत नाही. ते परमिट दुकानाचे नव्हे, पिणाऱ्या माणसाचे. वसंतराव नाईक यांच्या कारकीर्दीत बंदी सैल झाली, परंतु कायदा रद्द झाला नाही. महाराष्ट्रात पिणाऱ्याला वैयक्तिक परवाना लागतो ही तरतूद पुढेही टिकली. एक दिवसाचा, एक वर्षाचा किंवा आजन्म. आपल्या शासनव्यवस्थेत नियम काढून टाकण्यापेक्षा अपवाद वाढवणे सोपे असते.

गोऱ्या वा परदेशी पाहुण्याला परवाना मिळे, सचिवालयातील कारकुनाला मिळत नसे. तो माहीम-वांद्र्याच्या 'आंटी'च्या खोलीत हातभट्टीची पिई. हातभट्टीवर धाड पडे, हॉटेलावर पडत नसे. छत्तीसगडच्या वाचकाला येथे आपल्याकडचा अपवाद आठवेल. आदिवासी कुटुंबांना मोहाची दारू घरगुती वापरासाठी ठराविक मर्यादेत गाळण्याची मुभा आहे. एकाच देशात दोन टोकांच्या माणसांना सूट मिळाली, ताजमधील परदेशी पाहुण्याला आणि बस्तरच्या मुरिया-माडियाला. एकाची सूट परकीय चलनाच्या नावाने, दुसऱ्याची परंपरेच्या नावाने. मधला माणूस कायद्याच्या कक्षेत राहिला. रायपुरात २०१७ पासून मद्याची किरकोळ विक्री शासनाच्या महामंडळामार्फत होऊ लागली, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

वादकांचे काय झाले? मद्य गेले की नृत्यदालनाचे अर्थकारण मोडते, कारण वाद्यवृंदाचा पगार मद्याच्या नफ्यातून निघतो. त्यातच इंग्रज गिऱ्हाईक मायदेशी परतले आणि संस्थाने विलीन झाली. ताजसारखी मोठी हॉटेले तगली, लहान नाचघरे आटली. याच सुमारास मुंबईचे चित्रपट-संगीत मोठ्या वाद्यवृंदाकडे वळत होते. पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकर यांना, म्हणजे सी. रामचंद्र यांना, स्वरलिपी वाचणारे वादक हवे होते. भगवानदादा पालव यांच्या 'अलबेला' (१९५१) या चित्रपटात चिक चॉकलेट आणि त्यांचे साथीदार पडद्यावरही दिसतात. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा अशा संयोजकांनी पुढची दोन-तीन दशके हिंदी गाण्याला त्याचा भरजरी पोत दिला. दारूबंदीमुळे हे घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. चित्रपटाची ओढ होतीच. पण हॉटेलची संध्याकाळ आकसली नसती तर इतके कसबी वादक एवढ्या झपाट्याने स्टुडिओत आले असते काय, याची मला शंका आहे. ज्या सुरावटी पूर्वी शे-दोनशे माणसे ऐकत, त्या रेडिओवरून रायपूर-बिलासपूरच्या पानाच्या दुकानापर्यंत पोहोचल्या. धोरण आखणाऱ्याच्या मनात हा परिणाम खचितच नव्हता. वादकांचे नाव मात्र श्रेयनामावलीत आले नाही. हॉटेलात त्यांना निदान नावाने बोलावीत.

कराच्या बाबतीत शासनाने भव्य हॉटेलाला कधी सोडले नाही. १९८० च्या हॉटेल-प्राप्ती कराच्या कायद्याने ज्या हॉटेलात खोलीचा दर माणशी दिवसाला ७५ रुपये किंवा अधिक आहे, त्यांच्या एकूण प्राप्तीवर कर बसवला. १९८७ च्या खर्च-कराच्या कायद्याने ही रेषा ४०० रुपयांवर नेली. दोन्ही कायदे सर्वोच्च न्यायालयात आव्हानित झाले आणि १९८९ साली दोन्ही टिकले. महाग हॉटेलात उतरणाऱ्याची ऐपत अधिक, तेव्हा त्याला वेगळा वर्ग मानण्यात अन्याय नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. वस्तू व सेवा कराच्या राजवटीतही तीच पद्धत पुढे आली. १५ नोव्हेंबर २०१७ पासून ज्या हॉटेलात खोलीचा जाहीर दर ७,५०० रुपये वा अधिक, तेथील उपाहारगृहात १८ टक्के आणि बाकीच्या उपाहारगृहांत ५ टक्के कर ठरला. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला यात गैर काही दिसत नाही. ऐपतीनुसार कर हे तत्त्व ॲडम स्मिथपासून मान्य आहे. रेषा कोठे ओढावी याबद्दल वाद होईल, रेषा ओढण्याबद्दल नाही.

पण कर घेण्यासाठी ओढलेली रेषा नीतिमत्ता ठरवण्यासाठी वापरली तर? २००५ साली महाराष्ट्रात नेमके हेच घडले. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमात ३३ अ हे कलम घालून उपाहारगृहे, परमिट रूम आणि बिअर बार यांतील सर्व प्रकारच्या नृत्यांवर बंदी आली. त्याच वेळी ३३ ब हे कलम घालून नाट्यगृहे, केवळ सभासदांना प्रवेश देणारे क्लब व जिमखाने आणि तीन तारांकित वा त्यावरील हॉटेले यांना त्या बंदीतून वगळण्यात आले. कायदा विधिमंडळात एकमताने संमत झाला होता. स्त्रियांचे शोषण, गुन्हेगारी, कुटुंबांची धूळधाण ही कारणे देण्यात आली, आणि त्यांपैकी काहीच खरे नव्हते असे माझे म्हणणे नाही. प्रश्न वेगळा होता. तेच नृत्य दादर-घाटकोपरच्या बारमध्ये शोषण ठरते आणि समुद्राकाठच्या हॉटेलात करमणूक ठरते, ते कशामुळे? खोलीच्या दरामुळे?

या टिप्पण्या तयार करणाऱ्या यंत्रणेशी माझा संबंध नाही, तरी अशी तरतूद फाइलीत कशी येते याची कल्पना कोणाही अधिकाऱ्याला करता येईल. मसुदा व्यापक असतो. मग कोणी विचारतो, पर्यटनाचे काय? जिमखान्यांचे काय? उत्तर म्हणून एक परिच्छेद वाढतो. तो वाढवणाऱ्याला आपण भेदभाव लिहीत आहोत असे वाटत नाही, व्यवहार्य अडचण सोडवत आहोत असे वाटते. ज्या जिमखान्याचा उल्लेख असतो, त्याचे सभासदत्व टेबलाच्या दोन्ही बाजूंच्या माणसांकडे असण्याची शक्यता असते, ही बाब नोंदीत येत नाही.

१२ एप्रिल २००६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही कलमे घटनाबाह्य ठरवली. १६ जुलै २०१३ रोजी सरन्यायाधीश अल्तमस कबीर व न्या. सुरिंदरसिंग निज्जर यांच्या खंडपीठाने तो निर्णय कायम केला. वरच्या वर्गाची नीती भक्कम आणि खालच्या वर्गाची ठिसूळ असे गृहीत धरणे समतेच्या तत्त्वात बसत नाही, आणि बंदीमुळे बेकार झालेल्या स्त्रियांपैकी अनेकींना अधिक वाईट मार्गाकडे ढकलले गेले, हा त्या निकालाचा आशय. १९८९ आणि २०१३ चे निकाल एकमेकांशेजारी ठेवून वाचावेत. हॉटेलाचा दर्जा पाहून कर वेगळा लावता येतो, हॉटेलाचा दर्जा पाहून उपजीविकेचा हक्क वेगळा ठरवता येत नाही. पहिल्या बाबतीत श्रीमंती हा मोजता येणारा गुण आहे, दुसऱ्या बाबतीत ती चारित्र्याचा दाखला म्हणून वापरली जाते.

२०१४ साली शासनाने या निकालाला जे उत्तर दिले, ते तर्कशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात घालण्यासारखे होते. भेदभाव हा आक्षेप ना? मग सूट काढून टाकली आणि बंदी सर्वांना लागू केली. प्रथमच तारांकित हॉटेल आणि उपनगरातील बिअर बार कायद्यापुढे समान झाले, दोन्हींना मनाई करून. ऑक्टोबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमालाही स्थगिती दिली. त्यानंतर २०१६ चा नवा कायदा आला. त्यात बंदी नव्हती, अटी होत्या. नृत्य चालू असलेल्या जागी मद्य द्यायचे नाही, सर्वत्र कॅमेरे हवेत, धार्मिक स्थळे व शाळांपासून एक किलोमीटरच्या आत परवाना नाही. मुंबईचा नकाशा ज्याने पाहिला आहे, त्याला शेवटच्या अटीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

१७ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने यांपैकी बहुतेक अटी रद्द केल्या. एक किलोमीटरची अट गेली, सक्तीचे कॅमेरे गेले, मद्य आणि नृत्य यांच्यातील भिंत गेली. नर्तकींना बक्षिसी देण्यास मुभा राहिली, अंगावर नोटा उधळण्यास मनाई राहिली. आणि नृत्यासाठी सायंकाळी ६ ते रात्री ११.३० ही वेळ न्यायालयाने कायम ठेवली.